पेपर इंग्रजी, घर मराठी

भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडा. मुर्धा, राई, मोरवा मागे पडले की डोंगरीपासून चर्च दिसायला लागतात. इथल्या ईस्ट इंडियन घरांमधली बोली अस्सल मराठी. पण मुंबईच्या कॅथलिकांचं साप्ताहिक? चक्क इंग्रजी!

नाव ‘द एक्झामिनर’. जन्म १८५०, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेपेक्षाही तीन वर्षांनी सीनियर! तेव्हा नाव होतं ‘बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर’. १९०२ ते १९२४ अशी २२ वर्षं फादर अर्नेस्ट हल या जेझुइटाने ते एडिट केलं. त्यांच्या लेखमालांची पुढे पुस्तकंही निघाली.

इंग्रजी का, हा प्रश्न तसा सोपा. इंग्रजी म्हणजे नोकरी. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही १८८७ साली याच हिशोबाने घेतलेलं. कंपनी सरकारचे जुने नोकर आम्हीच, हे ठसवायला!

मग आजीच्या भाषेचं काय? मराठीत ‘निरोप्या’ आला १९०३ मध्ये, तोही महिन्यातून एकदा. आणि काढला कोणी? हेन्री डोरिंग या जर्मन फादरने! गोव्यात मात्र १९३३ साली ‘वावराड्यांचो इश्ट’ हे कोकणी साप्ताहिक सुरू झालं.

वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने पुढे कमाल केली. अनेक वर्षं त्याचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

नोकरीची भाषा बदलते, बॉस. घरची सांभाळावी लागते. या वीकेंडला आजीशी तिच्या बोलीत बोलून बघा!