राहिले, म्हणून मानले काय?

जानेवारी 2021 च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपने आपल्या वापरकर्त्यांपुढे जो नवा करारनामा ठेवला, आणि 8 फेब्रुवारीपर्यंत तो कबूल न केल्यास सेवेस मुकावे लागेल अशी जी तंबी त्यासोबत दिली, तिच्यामुळे आपल्या देशात व अन्यत्र जी पांगापांग झाली तिची आठवण निघाली म्हणजे पुष्कळ सुज्ञ मंडळी किंचित हसतात. लोक सिग्नलवर गेले, टेलिग्रामवर गेले, आठपंधरा दिवस मिरवले आणि निमूटपणे परतले. ज्या अर्थी परतले त्या अर्थी नवी कलमे त्यांना मान्यच होती. आणि फुकटच्या सेवेबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार तरी त्यांना कोणी दिला होता, असा हा पूर्वपक्ष आहे. वरवर तो भक्कम दिसतो. आम्हांस तो आतून पोकळ वाटतो.

प्रथम आमच्या बाजूचा दोष कबूल करतो. कंपनी आता आपली खासगी पत्रे वाचणार, अशी जी आवई त्या दिवसांत उठली (आणि गंमत अशी की व्हॉट्सॲपवरूनच ती घरोघर पोचली) ती निराधार होती. दोन व्यक्तींमधले संदेश पूर्वीप्रमाणेच कूटबद्ध राहणार होते, आणि वापरकर्त्यांविषयीची इतर माहिती फेसबुकास पुरवण्याचा प्रघात तर 2016 सालीच पडला होता. परंतु त्या वेळी जुन्या वापरकर्त्यांस तीस दिवसांच्या मुदतीत अंशतः का होईना नकार कळवण्याची सवड होती. 2021 च्या करारनाम्यात नकाराची ती चौकटच उरली नाही, आणि युरोपीय संघातील वापरकर्त्यांस मात्र निराळे नियम लागू राहिले. माहिती गेली याहून विचारले नाही याचा राग मोठा होता, आणि तो राग आवईवर उभा नव्हता.

आता बंड फसले म्हणणाऱ्यांविषयी. मराठेशाहीत साऱ्याचा बोजा असह्य झाला किंवा अंमलदाराचा जुलूम वाढला म्हणजे रयत गाव सोडून परागंदा होत असे, शेते पड पडत, आणि मग सरकारास कौलनामे देऊन, काही वर्षांची सूट कबूल करून, तिला पुन्हा लावणीस आणावे लागे. अशी रयत परतली म्हणजे ती हरली, असा हिशेब त्या काळच्या कोणा कारभाऱ्याने मांडला असता तर त्याच्या दप्तरकौशल्याविषयी शंकाच घ्यावी लागली असती. कारण तिला परत आणण्यासाठी काय द्यावे लागले, हे कौलनाम्यात स्वच्छ लिहिलेले असे. तोच हिशेब येथे लावावा. टेलिग्रामकडे 72 तासांत जगभरातून अडीच कोटी नवी माणसे आल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. गर्दीच्या भाराने 15 जानेवारीस सिग्नलची यंत्रणा कोलमडली. आणि इकडे व्हॉट्सॲपने भारतीय वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती देऊन रयतेची समजूत घातली, मुदत 15 मेपर्यंत वाढवली, कलमे न मानणाऱ्यांची सेवा क्रमाक्रमाने तोडण्याचा बेत मेअखेर सोडून दिला, आणि विदासंरक्षणाचा कायदा होईपर्यंत हे धोरण मान्य करण्याची सक्ती करणार नाही, असे जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयास सांगितले. हा कौल नव्हे तर काय?

फुकटेपणाच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. 2014 साली फेसबुकाने 19 अब्ज डॉलरांचा सौदा करून व्हॉट्सॲप घेण्याचे ठरवले तेव्हा त्या कंपनीत माणसे होती पंचावन्न, आणि वापरकर्ते सुमारे 45 कोटी. एवढी रक्कम कोणी पंचावन्न मेजांसाठी मोजत नाही. ज्यांचा गोतावळा विकत घेतला गेला त्यांनाच फुकटे म्हणणे हा अजब न्याय आहे.

पण पूर्वपक्षाचा मर्मभाग निराळाच आहे: राहिले, म्हणून मानले. त्याची पारख करण्यासाठी अमेरिकेतील डिग या स्थळाचे उदाहरण घ्यावे. लोकांनी बातम्यांचे दुवे आणावेत, लोकांनीच कौल देऊन ते वर चढवावेत वा खाली दडपावेत, ही तेथील रीत. 25 ऑगस्ट 2010 रोजी नवी रचना आली. दडपण्याचे बटण गेले, आणि वृत्तसंस्थांना आपला माल परस्पर आत लोटण्याची वाट मोकळी झाली. आठवड्याच्या आत संतप्त सभासदांनी डिगचे मुखपृष्ठ रेडिट या प्रतिस्पर्ध्याच्या दुव्यांनी भरून टाकले आणि मंडळी तिकडे निघून गेली. जुलै 2012 मध्ये डिगचे नाव व स्थळ विकले गेले ते अवघ्या पाच लाख डॉलरांच्या आसपास, असे तेव्हा प्रसिद्ध झाले.

डिगची माणसे मानी आणि आपली लाचार, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे, पण चूक आहे. डिगवर माणसाचे नाते बातमीशी होते, शेजारच्या माणसाशी नव्हे. बातमी कोठेही मिळते. व्हॉट्सॲपवर मावशी असते, पिठाच्या गिरणीवाला असतो, मुलाच्या शाळेची सूचना असते, आणि ठाण्यातल्या भावाशी टोरांटोतल्या बहिणीचे रविवारचे बोलणे असते. हे सगळे एकाच दिवशी, एकाच दिशेने निघतील तरच निघता येते. आम्हीही त्या जानेवारीत सिग्नल उतरवून घेतले आणि आजतागायत व्हॉट्सॲपवरच आहोत. त्यास कोणी आमची संमती म्हणू लागल्यास आमची हरकत आहे. रेडिटचेही तेच. बाह्य ॲपांवर भारी दर बसवल्याच्या निषेधार्थ जून 2023 मध्ये तेथील हजारो चर्चामंडळांनी दारे लावून घेतली, पण वर्षानुवर्षांचा संचय उचलून ती दुसरीकडे नेऊ शकली नाहीत. परागंदा रयत निदान बैल आणि अवजारे बरोबर घेऊन निघे. येथे ती मुभाही नाही.

म्हणून आमचा पक्ष असा की कंपनीच्या सद्बुद्धीची वाट पाहण्यापेक्षा बैल सोडून नेण्याचा हक्क कायद्याने मागावा. हे स्वप्नरंजन नाही. 20 जानेवारी 2011 पासून आपल्या देशभर भ्रमणध्वनीचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. आणि मागणी करणाऱ्या अन्य संदेशसेवेशी आपल्या सेवेचा सांधा जोडून द्यावा, असे बंधन युरोपीय संघाने 2024 पासून खुद्द व्हॉट्सॲपवर घातले आहे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये 'घ्या नाहीतर जा' या धर्तीची ती अट अन्याय्य ठरवून मेटास (म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीस) 213.14 कोटी रुपये दंड ठोठावला, हे उत्तमच झाले. परंतु दंड वसूल झाला तरी तो सरकारजमा होतो. टोरांटोतल्या बहिणीला जर उद्या व्हॉट्सॲप सोडायचे असेल, तर ठाण्याच्या भावालाही ते सोडायला लावावे लागेल, ही अडचण त्याने तसूभरही कमी होत नाही.