विश्लेषण : नायजेरियात किमान वेतन दुपटीने वाढले, तरी कामगाराची किंमत का घसरली?

कामगाराच्या पगारातून बेकायदा कपात करणाऱ्या मालकाला नायजेरियाच्या कामगार कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त दंड आहे ८०० नायरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लागोसमध्ये एक लिटर पेट्रोलसाठी साधारण १,००० नायरा मोजावे लागत होते. म्हणजे गरीब माणसाचा पगार कापण्याची शिक्षा लिटरभर पेट्रोलपेक्षाही स्वस्त. नायजेरियाच्या आर्थिक संकटाच्या बातम्या आपल्याकडे तेल, डॉलर आणि महागाईपुरत्या येतात. या संकटात कामाच्या ठिकाणी माणसाची काय अवस्था झाली, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

संकटाची सुरुवात कुठून झाली?

२९ मे २०२३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना बोला टिनुबू यांनी पेट्रोलवरील अनुदान संपल्याचे जाहीर केले. लागोसमध्ये १८५ नायराच्या आसपास असलेले पेट्रोल दोन-तीन दिवसांत ४८० च्या पुढे आणि जुलैमध्ये त्याहूनही वर गेले. जूनमध्ये चलनावरील नियंत्रण सैल झाले. तोवर सुमारे ४६० नायराला मिळणारा डॉलर २०२४ मध्ये १,५०० नायराच्या वर पोहोचला. डिसेंबर २०२४ मध्ये महागाईचा दर ३४.८ टक्के होता.

सरकारची बाजू पूर्ण खोटी नाही. अनुदानाने तिजोरी रिकामी होत होती, स्वस्त पेट्रोल शेजारच्या देशांत तस्करीने जात होते आणि फायदा गाडीवाल्यांना जास्त मिळत होता. सुधारणा कधीतरी करावीच लागणार होती. मात्र तिचा पहिला फटका मिनीबसने कामावर जाणाऱ्याला बसला आणि त्याच्यासाठी आधी कोणतीही तजवीज केलेली नव्हती. जागतिक बँकेच्या २०२४ च्या अंदाजानुसार १२.९ कोटी नायजेरियन दारिद्र्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती.

किमान वेतन वाढले, मग अडचण काय?

जून २०२४ मध्ये कामगार संघटनांनी देशव्यापी संप केला, वीजपुरवठ्याचे राष्ट्रीय जाळेही बंद पडले. त्यानंतर जुलैमध्ये मासिक किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजार नायरा झाले. कागदावर ही दुपटीहून जास्त वाढ आहे. पण २०१९ मध्ये ठरलेले ३० हजार नायरा तेव्हाच्या बाजारदराने साधारण ८० डॉलर होते. नवे ७० हजार जुलै २०२४ मध्ये ४५ डॉलरच्या आत, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३,७०० रुपये होते. त्या वर्षी अनेक बाजारांत ५० किलो तांदळाचे पोते ७० हजार नायराच्या पुढे गेले होते. महिनाभर राबून तांदळाचे एक पोतेही येत नव्हते.

हे वेतनही सर्वांना लागू नाही. २५ पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना कायद्यातून सूट आहे. दुकानातली मुलगी, गॅरेजमधला पोऱ्या, घरकाम करणारी बाई असे बहुतेक लोक मुळात या कायद्याच्या बाहेर आहेत.

बेरोजगारी कमी असूनही लोक ‘नाही’ का म्हणू शकत नाहीत?

२०२० च्या अखेरीस नायजेरियाचा अधिकृत बेरोजगारी दर ३३.३ टक्के होता. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत तो ४.१ टक्के झाला. या काळात कारखाने वाढले नाहीत, मोजण्याची पद्धत बदलली. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे आठवड्यात एक तासही मोबदल्यासाठी काम करणारा आता ‘रोजगारात’ धरला जातो. पूर्वी त्यासाठी २० तासांची अट होती. पद्धत चुकीची नाही. पण काम करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात असताना ४.१ टक्के या आकड्यातून त्यांची परिस्थिती कळत नाही.

कामाच्या ठिकाणचा मान हा शेवटी नोकरी सोडता येण्यावर अवलंबून असतो, असे मला वाटते. सोडली तर दुसरी मिळेल, किंवा दोन महिने घर चालेल, एवढी खात्री असलेल्या माणसाशी साहेब जपून बोलतो. ती खात्री गेली की उशीर झाला म्हणून पगार कापणे, चारचौघांत शिवीगाळ, वर्षानुवर्षे ‘तात्पुरता’ शिक्का, हे सगळे निमूट सोसले जाते. बँकेच्या काउंटरवर बसलेले कित्येक पदवीधरही तिथे ठेकेदाराचे कर्मचारी असतात. सरकारी नोकरीही निर्धास्त नाही. ओसुन राज्यात २०१५ पासून सुमारे तीन वर्षे वरच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना निम्माच पगार मिळत होता.

तिथल्या तरुणांच्या बोलीत खिसा पूर्ण रिकामा असण्याला ‘सापा’ म्हणतात आणि देश सोडून पळण्याला ‘जापा’. डॉक्टर, परिचारिका आणि इंजिनीअर ‘जापा’ करतात. ज्यांना विमानाचे तिकीट परवडत नाही, ते ‘ओगा’ म्हणजे साहेबासमोर मान खाली घालून उभे राहतात.

कायदा काय म्हणतो?

दंड म्हणून पगार कापायला नायजेरियाचा कायदा मनाई करतो. कामगाराने मुद्दाम किंवा हलगर्जीने नुकसान केले असेल तरच, तेही कामगार अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वसंमतीने, वाजवी कपात करता येते. औद्योगिक वादांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय न्यायालय आहे. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करारही नायजेरियाने २०२२ मध्ये स्वीकारला. म्हणजे कायदा नाही, अशी स्थिती नाही. पण दुसऱ्या वेळच्या गुन्ह्यालाही दंड १,५०० नायरांपर्यंतच असेल, तर मालकाला भीती कशाची? आणि रोजंदारीवरचा माणूस खाडा करून न्यायालयात कसा जाणार?

आपला काय संबंध?

संबंध आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या माहितीनुसार नायजेरियात २०० हून अधिक भारतीय कंपन्यांची सुमारे २७ अब्ज डॉलरची गुंतवणूक आहे आणि तिथल्या केंद्र सरकारनंतर सर्वाधिक रोजगार त्याच देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान अबुजाला गेले, तेव्हा मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद तिथल्या मराठी मंडळींनी त्यांच्याकडे व्यक्त केला होता. इंजिनीअरिंगनंतर माझ्या ओळखीतलेही काही जण लागोसच्या आसपासच्या कारखान्यांत गेले. ‘तिकडे माणसे स्वस्त आहेत,’ हे वाक्य मी त्यांच्याकडून ऐकले आहे. बोलणारे वाईट नव्हते, आखाती देशांत आपल्या माणसांबद्दल हेच बोलले जाते तेव्हा त्यांना रागही येतो. पण लागोसमध्ये खुर्चीवर आपण बसलेले असतो.

मग करायचे काय?

किमान वेतनाच्या फेरआढाव्याचा काळ पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आला, हे चांगले झाले. पण ३४ टक्के महागाईत तीन वर्षेही फार झाली. त्यामुळे वेतन महागाईशी जोडणे आणि दंडाच्या रकमा आजच्या नायरात आणणे, ही दोन कामे सरकारची आहेत. ठेकेदाराच्या माणसालाही लेखी करार आणि पावतीसह पगार देण्यासाठी मात्र कोणत्याही कंपनीला संसदेची वाट पाहावी लागत नाही. २०२५ मध्ये निर्देशांकाची फेररचना झाल्यावर महागाईचा दर कमी दिसू लागला. दर उतरला म्हणून वाढलेले भाव खाली येत नाहीत आणि गमावलेली पत तर त्याहून सावकाश परत येते. कारखान्यात आठ मिनिटे उशिरा आलेल्याचा दिवसाचा पगार कापायचा की नाही, हे ठरवणारा माणूस कदाचित आपल्याच कॉलेजातून गेलेला असेल. निदान त्याने तरी ८०० नायराच्या दंडाचा हिशेब करू नये.