तीन कोटेशन कुठून आणायची?

बँकांनी आपली संकेतस्थळे डॉट-बँक-डॉट-इन या राखीव विभागात हलवावीत, असे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी काढले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. तेव्हापासून वाचकांच्या पत्रांचा सूर एकच आहे: कर्ज, ठेवी, कार्ड असे शब्द असलेली डोमेन आता घेणार कोण? बँक हे गिऱ्हाईक गेले, वित्तसंस्थांसाठी डॉट-फिन-डॉट-इन येतेच आहे, म्हणजे दुकान बंद. तक्रार खोटी नाही, पण परिपत्रकावर जरा जास्तच भार टाकला जातो आहे. नावात ‘बँक’ घालून धरून ठेवलेली डोमेन याआधी तरी कुठे विकली जात होती? बँकिंग नियमन कायद्याचे कलम ७ बँक नसलेल्या कंपनीला तो शब्द आपल्या नावात घेऊ देत नाही. घेणारी उरते ती बँकच, आणि तिला स्वतःचे नाव असते. शिवाय शीतगृह, क्रेनभाडे, पंप, पॅकेजिंग, गोदाम या शब्दांना रिझर्व्ह बँकेने हात लावलेला नाही. त्यांची डोमेनही वर्षानुवर्षे पार्किंगवर पडून आहेत आणि आपण दरवर्षी निमूटपणे रिन्यूअल भरतो आहोत. डॉट-कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला आहे. शे-दोनशे नावांचा पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आमच्या मते सौदे मागणीअभावी अडत नाहीत, ते खरेदी खात्यात अडतात. पत्रांतून दिसणारा क्रम ठरलेला आहे. मालकाला नाव आवडते, फोनवर भाव ठरतो, मार्केटिंगवाले ‘करून टाका’ म्हणतात आणि फाइल पर्चेसकडे जाते. पर्चेस म्हणते, तीन कोटेशन आणा. जगात एकच नग असलेल्या वस्तूची तीन कोटेशन! ती अट कशीबशी सुटली, तर व्हेंडर कोडसाठी पॅन, कॅन्सल्ड चेक आणि जीएसटी क्रमांक मागतात. पुढे अकाउंट्स विचारते, ही सेवा की माल, कोड कोणता टाकायचा? मग स्टोअरची पोच हवी, कारण जीआरएनशिवाय संगणक बिल पासच करत नाही. आणि डोमेन गेटवर उतरवून घेणार कोण, हे स्टोअरकीपरला कळत नाही. शेवटी ४५ दिवसांची उधारी. तोवर आर्थिक वर्ष संपते, मार्केटिंगचा माणूस नोकरी बदलतो आणि सौदा मरतो. विक्रेता मात्र सांगत फिरतो की गिऱ्हाईक भावाला बिचकले.

या प्रकाराला हसणे सोपे आहे आणि आपण हसतोही. पण पर्चेसच्या माणसाला तीन कागदांचे प्रेम नसते. उद्या ऑडिटरने ‘एवढे पैसे एकाच माणसाला का दिले’ असे विचारले, तर त्याला उत्तर हवे असते. एकमेव वस्तू एकाच विक्रेत्याकडून घेण्याची सोय नियमांत आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम १६६ एकल निविदेसाठी आहे आणि त्यात वस्तू दुसरीकडे मिळत नसल्याच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. खासगी कंपन्यांतही एकल विक्रेत्याच्या समर्थनाची टिपणी चालते. ती लिहायची कोणी? गिऱ्हाइकाने, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच चुकतो. ती टिपणी विक्रेत्याने तयार करून द्यावी. तीन कोटेशनच्या जागी तीन झालेले सौदे दाखवावेत: त्याच एक्स्टेंशनचे, तेवढ्याच लांबीचे, जवळच्या धंद्यातले, जाहीर नोंदींतून कोणालाही तपासता येतील असे. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरना गेले हे सर्वांना पाठ आहे, पण इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यापुढे तो आकडा ठेवला की तो चहा पाजून वाटेला लावतो. त्याला हजारांतले दाखले हवेत.

हीच गत सर्च व्हॉल्यूमची. ‘या शब्दाचा महिन्याला इतका शोध होतो, म्हणून नाव घ्या, गूगलवर वर याल,’ हे वाक्य अजूनही आउटबाउंड मेलमध्ये पहिल्या ओळीत असते. गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच एक्झॅक्ट-मॅच डोमेनच्या सुमार संकेतस्थळांना मिळणारा फायदा काढून घेतला. शोध शब्दाचा होतो. तो करणारा माणूस डोमेनवर येईलच असे नाही. कंपनीचा एसईओवाला हे पहिल्याच बैठकीत सांगतो, आणि मग आपली बाकीची खरी विधानेही संशयात येतात. जेनेरिक नावाचे खरे गुण साधे आहेत: फोनवर एकदा सांगितले की समजते, ट्रकच्या मागे लिहिले तर वाचता येते, स्पेलिंग सांगत बसावे लागत नाही, आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नाही. एवढ्यावर भाव मागता येत नसेल, तर मुळात नाव हलके आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कंपनीचे वकील जेनेरिक नाव पाहूनच नाक मुरडतात, कारण त्यावर ट्रेडमार्क मिळत नाही. आक्षेपात तथ्य आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ चे कलम ९ निव्वळ वर्णनपर शब्दाची नोंदणी अडवते आणि कलम ३० दुसऱ्याला तो शब्द वर्णन म्हणून वापरू देते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये बुकिंग डॉट कॉमला ८ विरुद्ध १ मतांनी नोंदणीचा रस्ता खुला केला खरा. पण तो ग्राहकांच्या मनात ते नाव एकाच कंपनीचे म्हणून रुजल्याच्या पुराव्यावर. तसा पुरावा उभा करायला वर्षे आणि जाहिरातीचा पैसा लागतो. तेव्हा वकिलाला सरळ सांगावे की आम्ही पत्ता विकतो, शब्दावरची मक्तेदारी विकत नाही. ज्या तरतुदीमुळे त्यांना ट्रेडमार्क मिळत नाही, तिच्यामुळेच उद्या कोणी हे नाव त्यांच्याकडून सहज हिसकावू शकत नाही. मात्र आपले घर आधी झाडलेले हवे. डॉट-इनच्या वादनिवारण धोरणात दुष्ट हेतू नोंदणीच्या वेळी ‘किंवा’ वापरात दिसला तरी पुरतो. डॉट-कॉमच्या धोरणासारखे दोन्ही सिद्ध करावे लागत नाहीत. म्हणजे प्रामाणिकपणे घेतलेल्या नावावर पार्किंगच्या यंत्राने एखाद्या ब्रँडच्या स्पर्धकांच्या जाहिराती लावल्या, तरी आपणच अडचणीत. आणि पैठणी, कोल्हापुरी चप्पल, कोकणचा हापूस यांना जेनेरिक समजून साठा करणाऱ्यांनी थोडे थांबावे. ही भौगोलिक निर्देशांक नोंदलेली नावे आहेत, हे वकिलाला पाच मिनिटांत कळते.

काही सभासद म्हणतील, एवढी कागदपत्रे मोठ्या ब्रोकरना शोभतात, आमचा सौदा पंचवीस-तीस हजारांचा. पण छोट्या सौद्यालाच कागद जास्त लागतो, कारण त्यात गिऱ्हाइकाचा वकील वेळ घालवत नाही. तयार मसुदा मिळाला तर सही करतो, नाही तर फाइल बाजूला ठेवतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण तसे लेखी निवेदन बिलासोबत जोडणारे किती जण आहेत? नाव भाच्याच्या खात्यात, बिल स्वतःच्या नावे आणि पैसे पत्नीच्या बँक खात्यात, असा त्रिकोण घेऊन कंपनीच्या दारात जाणाऱ्यांनी पर्चेसला नावे ठेवू नयेत. लँडिंग पेजवर भाव न लिहिता ‘ऑफर द्या’ म्हणणारेही त्याच पंगतीतले. भाव दिसल्याशिवाय बजेट मंजूर होत नाही, एवढे तरी कळायला हवे. पोचेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे: दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे ठेवून नाव पुश करावे, आणि नोंदणीधारक बदलल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट हीच पोच, असे करारात आधीच लिहून घ्यावे. परदेशी एस्क्रोचा आग्रह दोन भारतीय पक्षांच्या सौद्यात धरला, की डॉलर आणि बँकेच्या फॉर्मचा नवा घोळ सुरू होतो. गिऱ्हाइकाच्या वकिलाकडे रक्कम अनामत ठेवणे त्यापेक्षा सोपे.

तेव्हा कामाला लागू या. एकल विक्रेत्याची टिपणी, हस्तांतराचा करार, पोचेचा नमुना आणि जीएसटी नसल्याचे निवेदन, असा चार कागदांचा संच मराठी व इंग्रजीत पुढच्या अंकासोबत द्यायचा आमचा विचार आहे. ज्यांचे सौदे एखाद्या कंपनीच्या अकाउंट्समधून सुखरूप पार पडले, त्यांनी आपले मसुदे पक्षकारांची नावे आणि रकमा खोडून महिनाअखेरपर्यंत पाठवावेत. पर्चेस खात्याने लेखी कारण देऊन परत पाठवलेली फाइल कोणाकडे असेल तर ती आधी पाठवा.