शब्द तोडणारा कान

परभाषिक फार भरभर बोलतात, ही तक्रार सार्वत्रिक आहे. दोष बहुधा त्यांच्या जिभेचा नसतो. लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडली जाते. बोलण्यात तशी जागा जवळजवळ नसतेच. (सभंग श्लेषाची सारी गंमत त्यावरच उभी आहे.) हा अखंड प्रवाह श्रोत्याचा कान तोडतो, आणि तोही स्वभाषेच्या सवयीने. अ‍ॅन कटलर, जाक मेलेर आदी संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, फ्रेंच श्रोता अक्षरागणिक बोलणे तोडतो, तर इंग्रज श्रोता आघातावरून शब्दाचा आरंभ हेरतो. फ्रेंच माणूस इंग्रजी ऐकतानाही आपली रीत सोडत नाही! ही सवय अगदी पाळण्यात लागते. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बालकांनी दोन मिनिटांच्या निरर्थक ध्वनिप्रवाहातून, कोणत्या अक्षरामागून कोणते येते एवढ्याच आधारावर, ‘शब्द’ वेगळे ओळखले.

गोंडी वा भिली बोलणाऱ्या घरातले मूल पहिलीत मराठी ऐकते, तेव्हा शब्द कोठे संपतो हेच त्याला उमगलेले नसते. त्याच्यावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. अशा वर्गांवर मुलांची बोली जाणणारा शिक्षकच प्रथम नेमला गेला पाहिजे.