नव्याला सूट, जुन्याला दंड



वाफसा आला, पऱ्हाटीची पेरणी तोंडावर आणि ट्रॅक्टरची क्लच प्लेट झिजलेली. इंजिन नुसते ओरडते, कल्टिव्हेटर जागचा हलत नाही. प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. दुबार मजुरी नको असेल तर रिलीज बेअरिंगही तेव्हाच बघून घ्या.

आता हिशेब बघा. 2017 पासून नव्या ट्रॅक्टरवर जीएसटी 12 टक्के, आणि त्याच्याच क्लच, ब्रेक, रेडिएटरवर 18! कोरडवाहू माणूस एकच ट्रॅक्टर वर्षानुवर्षे जपतो. म्हणजे दंड कोणाला बसला? कारखानदाराला खरेदीवरचा कर वळता करून मिळतो. कापूस-ज्वारी विकणाऱ्याने भरलेला गेला तो गेलाच.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि हे भाग, दोन्हींवर 5 टक्के झाले. उशिरा का होईना, बरे झाले. पण भाव उतरला का? हजार रुपये मूळ किमतीच्या भागावर करातच 130 रुपये कमी व्हायला हवेत. पक्के बिल मागा. ‘बिल कशाला, घरचेच आहात’ म्हणणाऱ्याकडे तर नक्कीच मागा. जिल्हा बैठकीला येताना जुने-नवे दोन्ही बिल आणा; शेजारी ठेवून बघू.