पासष्टी उलटली की बहीण लाडकी राहत नाही

राजेहो, जरा हिशोब करा. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. वय २१ ते ६५. पुढे बाईनं जायचं श्रावणबाळ योजनेत. पैसे तेवढेच, महिन्याला १५००. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर तिथं कुटुंबाची मर्यादा वर्षाला फक्त २१ हजार!

घरातल्या एकानं २५० रुपये रोजानं ८४ दिवस निंदण-वेचणी केली की २१ हजार भरले. मग उरलेले २८१ दिवस त्या घरानं काय खायचं? खरं उत्पन्न सांगितलं तर म्हातारी अपात्र. म्हणून दाखल्यावर खोटा आकडा येतो. तो लिहायला सरकारच शिकवते अन् मग बोगस लाभार्थी म्हणून बोंबलतेही सरकारच. बरं, वयोश्री योजनेत त्याच म्हातारीला चष्म्या-काठीसाठी एकदाच ३००० देताना मर्यादा दोन लाखांची! एकच बाई, तीन योजना, तीन मापं.

दिल्लीचं तर बोलूच नका. ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच आहे.

पोरं पुण्याला कामाला. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तहसीलच्या चकरा मारायच्या. कापूस वेचून बोटं घासलेली, मशीन अंगठा घेत नाही. घाटंजीकडची एक आजी मला म्हणाली, "बाबू, मी सरकारले नकोशी झाली का?"

श्रावणबाळची मर्यादाही अडीच लाख करा. पासष्टी भरली की नाव आपोआप तिकडं वळवा, सगळी माहिती तुमच्याकडं आहेच. जिल्ह्यात सात आमदार आहेत. येत्या अधिवेशनात यावर कोण तोंड उघडतो, ते इथंच नावानिशी लिहीन.