यंत्राची उसनी सूज

आपल्या चेकच्या तळाशीं असलेल्या आंकड्यांचें बेढब वळण हौसेचें नव्हे. १९५० च्या दशकांत अमेरिकेंत बँकांच्या यंत्रांसाठीं घडविलेल्या या ‘ई-१३बी’ ठशांत दहा आंकडे व चार खुणा, एवढेंच. अक्षर एकहि नाहीं. शाई चुंबकीय, रेघ कोठें जाड, कोठें बारीक, म्हणून प्रत्येक आंकडा यंत्रास निराळा भासतो. ती सूज यंत्राची गरज आहे. १९७० सालीं बॉब न्यूमन यांनीं लेट्रासेटसाठीं केलेल्या ‘डेटा ७०’ नें तीच सूज सबंध रोमन वर्णमालेस आणली. कशासाठीं? हीं अक्षरें वाचावयाचीं माणसानें, आणि अडखळतो तोच! विज्ञानकथेच्या वेष्टनावर हें सोंग एक वेळ खपेल (आम्हीहि त्यावर भुललों होतों). पण ज्यास पुस्तकाचें नांवहि धड वाचतां येत नाहीं, त्या वाचकास हें भविष्याचें अक्षरसौंदर्य म्हणून सांगणें ही फसवणूक होय.